मंगळावर फ्लोरिडाची हवा

(दृश्य : गेल विवर, लालसर उजेड, क्युरिऑसिटीची चाकं)

ऑगस्ट २०१२ मध्ये नासाची क्युरिऑसिटी ही यंत्रगाडी मंगळावर उतरली. तिच्या पोटात 'सॅम' नावाची प्रयोगशाळा आहे : नळ्या, झडपा, हवा उपसणारे पंप आणि वायू ओळखणारी तीन यंत्रं. पहिल्याच मोजण्यांत मिथेन दिसला. पृथ्वीवर मिथेन बराचसा सजीवांमुळे तयार होतो, त्यामुळे ही बातमी केवढी मोठी! पण पेढे कुणी वाटले नाहीत. मिथेन फ्लोरिडाचा होता. उड्डाणाआधी लेसर यंत्राच्या पुढच्या कप्प्यात तिथली हवा शिरली होती आणि थेट मंगळापर्यंत आली होती.

कप्पा पंपाने उपसला. मोजणीची नळी एकदा रिकामी तपासायची, एकदा मंगळाची हवा भरून, आणि वजाबाकी करायची. २०१३ मध्ये आकडा आला : एक अब्ज भागांत फार तर १.३ भाग. म्हणजे नसल्यातच जमा. पुढे मिथेन अधूनमधून दिसला, पण त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

(दृश्य : रॉकनेस्टची वाळू, वाळू उचलणाऱ्या फावड्याचा जवळून शॉट)

निर्वाताची गंमत अशी, की हवा काढली तरी भिंतींना चिकटलेले रेणू हळूहळू सुटतच राहतात. पाण्याची वाफ तर हटता हटत नाही. मोजणी बिघडवायला बोटाचा एक ठसाही पुरतो. म्हणून सॅमच्या नळ्या गरम ठेवतात, वाफ वाटेत चिकटू नये यासाठी. आणि वाळूचं काय? गावाकडे भांडी राखेने घासतात, तशी रॉकनेस्ट या जागेची पहिली वाळू चाळण्यांत घुसळून चक्क फेकून दिली.

तरीही घोळ झालाच. सेंद्रिय, म्हणजे कार्बन असलेले रेणू पकडण्यासाठी सीलबंद वाट्यांत नेलेलं एक रसायन आतच झिरपलं. त्यातला कार्बन मंगळाच्या मातीतल्या क्लोरीनशी जुळला, की सेंद्रिय संयुगं सापडल्याचा भास व्हायचा. गळती थांबवायला तिथे जाणार कोण? मग रिकामी वाटी तापवून नुसती तिचीच नोंद घ्यायची. माझ्या मते सॅमचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, भले त्याचे मथळे होत नसोत.

(दृश्य : कंबरलँडचा ड्रिल केलेला खडक, राखाडी भुकटी)

मे २०१३ मध्ये कंबरलँड नावाच्या चिखलखडकाला भोक पाडलं. भुकटी तापवल्यावर क्लोरोबेंझिन हे कार्बन आणि क्लोरीन असलेलं सेंद्रिय संयुग निघालं, अब्जात दीडशे ते तीनशे भाग. रिकाम्या वाटीतल्यापेक्षा कितीतरी जास्त. हा कार्बन मंगळाचाच, असं डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालं. तो उल्केतून आला की आणखी कशातून, हे मात्र क्लोरोबेंझिनवरून सांगता येत नाही.