दहापट भिंग आणि आठवड्याचे सहा तास

(दृश्य : लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळचं शीतगोदाम. स्टीलच्या टेबलावर पांढरा ट्रे, त्यावर कारलं.)

कारलं ट्रेवर आडवं धरायचं आणि बोटांनी टिचक्या मारायच्या. हलक्या, पण सगळ्या अंगाला. मग क्षणभर थांबून ट्रेकडे बघायचं. धूळ पडली असेल तर ती पडल्या जागी राहते. फुलकिडा असेल तर एक पिवळसर रेघ चालू लागते, जेमतेम एक मिलिमीटरची. ट्रे स्वच्छ दिसला तरी काम संपत नाही. देठाच्या बुडाशी आणि कारल्याच्या उंचवट्यांमधल्या घळीत किडा घट्ट बसलेला असतो. तिथे दहापट भिंग लावूनच बघावं लागतं. हे भिंग धरणारा निरीक्षक नोकरीत राहून गट सांभाळायला कसा शिकतो, त्याची ही गोष्ट.

किडा दिसला म्हणजे तो थ्रिप्स पाल्मी, म्हणजे ज्याच्यासाठी माल अडवला जातो तो फुलकिडाच, असं नाही. पिवळे फुलकिडे अनेक जातींचे असतात आणि पिल्लं तर भिंगाखाली सारखीच दिसतात. म्हणून ओल्या ब्रशच्या टोकाने किडा उचलायचा, अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, लेबल लावायचं आणि कुपी यॉर्कजवळ सँड हटनला ‘फेरा’ या संस्थेच्या प्रयोगशाळेत पाठवायची. उत्तर येईपर्यंत माल सुटत नाही. पाल्मी निघाला, तर नोटीस निघते आणि निर्यात करणाऱ्या देशाला कळवलं जातं.

(दृश्य : खोक्यांवरची लेबलं. ‘भारत’ हा शब्द जवळून.)

महाराष्ट्रातल्या निर्यातदारांना या ट्रेचं वजन ठाऊक आहे. १ मे २०१४ला युरोपीय संघाने भारतातून येणारा आंबा, कारलं, वांगं, पडवळ आणि अळू यांची आयात थांबवली. ब्रिटन तेव्हा संघातच होता. आंब्यावरची बंदी २०१५च्या सुरुवातीला उठली. युरोपला जाणारा हापूस ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवण्याची प्रक्रिया त्याच काळात निर्यातदारांच्या अंगवळणी पडली.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ही तपासणी करतात ॲनिमल अँड प्लांट हेल्थ एजन्सीचे वनस्पती आरोग्य निरीक्षक. आधी कागद: फायटोवरचं (माल पाठवणाऱ्या देशाने दिलेल्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावरचं) वनस्पतिशास्त्रीय नाव, नग, मूळ देश, जादा घोषणा, शिक्का. मग ओळख: कागदावरचा माल तोच का? आणि शेवटी प्रत्यक्ष माल. चांगला निरीक्षक काही वर्षांत गटप्रमुख होतो आणि तिथून कामाचं स्वरूपच पालटतं. किडा ओळखता येणं आणि किडा ओळखणाऱ्या आठ माणसांची ड्युटी लावता येणं, ही दोन वेगळी कसबं आहेत. दुसरं कसब शिकण्याचा इंग्लंडमधला एक रस्ता म्हणजे नोकरीत राहून केलेली मॅनेजमेंट ॲप्रेंटिसशिप.

आपल्याकडे ॲप्रेंटिस म्हटलं की आयटीआयचा मुलगा डोळ्यांपुढे येतो. इथे वयाची वरची मर्यादा नाही. चाळिशीतला, कायम नोकरीतला माणूसही ॲप्रेंटिस असतो. पहिल्यांदा गट सांभाळणाऱ्यासाठी टीम लीडर, स्तर ३. अनेक गट, बजेट आणि नियोजन बघणाऱ्यासाठी ऑपरेशन्स मॅनेजर, स्तर ५. फी त्याच्या खिशातून जात नाही. वर्षाचा पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर असलेल्या मालकांकडून एप्रिल २०१७पासून त्या वरच्या रकमेवर ०.५ टक्के लेव्ही घेतली जाते, प्रशिक्षणाचा पैसा त्यातून येतो.

पैशाची अडचण नाही. अडचण वेळेची आहे, आणि ती खरी आहे.

(दृश्य : भिंतीवरचा ड्युटीचा तक्ता. काही चौकोन हिरव्या पेनाने रंगवलेले.)

ऑगस्ट २०२२पासून नियम असा होता की प्रशिक्षणाला आठवड्याला किमान ६ तास, आणि तेही पगारी वेळेतले. सुट्ट्या वजा करून वर्षाचे साधारण २७८ तास होतात. ऑगस्ट २०२५पासून सुरू करणाऱ्यांना अभ्यासक्रमानुसार किमान तास ठरवून दिले जातात. पण पगारी वेळेची अट कायम आहे. रात्री घरी जागून केलेला अभ्यास मोजत नाहीत.

आता हे तपासणीच्या कामात बसवून बघा. भाजी आणि फुलं विमान येईल तेव्हा येतात. व्हॅलेंटाइन डे आणि इंग्लंडचा मदर्स डे यांच्या आधी फुलांची रांग लागते. ‘या आठवड्यात राहू दे, पुढच्या आठवड्यात बारा तास करू’ असं चालू होतं. ठरावीक काळ शिकण्याची एकही नोंद नसली की प्रशिक्षण संस्थेला ते शिक्षण थांबल्यासारखं धरावं लागतं. म्हणून हंगाम पाहून, तक्ता करतानाच हे तास कोरून ठेवायचे आणि त्या वेळी भिंग कोण धरेल त्याचं नाव त्याच चौकोनात लिहायचं. बदली नाव नसलेला चौकोन पहिल्याच उशिरा आलेल्या विमानाला पुसला जातो.

दुसरी चूक पोर्टफोलिओत, म्हणजे मूल्यमापनासाठी जमवायच्या पुराव्यांच्या फाइलीत होते, आणि ती हुशार निरीक्षकांकडूनच जास्त होते. पानंच्या पानं किडींचे फोटो, अवघड निदानं, पकडलेला माल. सगळं उत्तम, पण त्यातून व्यवस्थापन दिसत नाही. अंतिम मूल्यमापन करणारा माणूस वनस्पतीतज्ज्ञ नसतो. फुलकिडा कसा सापडला यापेक्षा त्याला हे हवं असतं: तो सापडला तेव्हा दोन निरीक्षकांचं एकमत नव्हतं, तर गटप्रमुखाने काय केलं? नवख्याला कुठल्या शब्दांत समजावलं? रांगेतला बाकीचा माल कोणाकडे दिला, आणि का? त्या पहाटेचा ड्युटीबदलाचा ईमेल हा दहा फोटोंपेक्षा मोठा पुरावा आहे. आयातदाराचं नाव, मालाचा क्रमांक आणि सहकाऱ्याची खासगी माहिती मात्र आधी झाकायची.

(दृश्य : गोदामाच्या दाराशी उभा ट्रक. घड्याळ.)

स्तर ५ला कामाच्या जागचा प्रकल्प असतो. बहुतेकांना पहिला विषय सुचतो तो माल लवकर सोडण्याचा. विषय चांगला आहे, पण त्यात एक खड्डा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा.

मोठ्या मालातले ५ टक्के नग कीडग्रस्त असतील, तर त्यातला निदान एक ९५ टक्के खात्रीने हाती लागायला ५९ नग तपासावे लागतात. १ टक्काच असतील, तर २९९. हे गणित कधी खरं? डोळ्यांसमोर आलेला प्रत्येक किडा दिसला, तरच. थकलेल्या माणसाला दहातले आठच दिसले, तर त्याच खात्रीसाठी ५९चे ७४ नग होतात. म्हणजे निरीक्षकाला घाई केली की त्याच ५९ नगांची तपासणी कागदावर तेवढीच राहते, खात्री मात्र घटते. ही घट कुठल्याच तक्त्यात उमटत नाही. म्हणून वेळ वाचवायचा तो रांगेतला. भिंगाखालच्या मिनिटांना हात लावायचा नाही, आणि हे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहून टाकायचं.

रांग मोजायची ती तुकड्यांत. विमान उतरलं कधी, कागद पूर्ण झाले कधी, माल टेबलावर आला कधी, भिंग लागलं कधी, सुटला कधी. या पाचही वेळांची नोंद, चार आठवडे. फायटोवरचं नाव आणि इपॅफ्स या ऑनलाइन प्रणालीत भरलेलं नाव जुळत नसेल, तर वेळ तिथे जातो. कधी माल गोदामात असतो, पण निरीक्षकापुढे मांडायला माणूस नसतो. कारण कुठलं ते आकड्यांनीच सांगू द्यायचं. समजा कागदच निघाले, तर आदल्या दुपारी कागद तपासायला एक माणूस बसवून बघायचा आणि आयातदारांच्या एजंटांना चूक तेव्हाच कळवायची. मग पुन्हा चार आठवडे मोजायचं. फेब्रुवारीची तुलना मेशी करायची नाही, कारण मालच वेगळा असतो. सोबत किडी सापडण्याचं प्रमाणही मांडायचं. वेळ कमी झाली आणि सापडणंही कमी झालं, तर आधी त्याचं कारण शोधायचं, सादरीकरण नंतर.

हे आकडे त्याच दिवशी टिपायचे. नियम बदलताना कोण नाराज झालं, काय म्हणालं, त्यावर काय ठरलं, तेही चार ओळींत. अंतिम चर्चेत प्रश्न यावरच येतात, आणि वर्षभराने ते आठवत नाही.

(दृश्य : पहाट. दार वर सरकतं. खोकी आत येतात. ट्रे पुसून पुन्हा टेबलावर.)