पटात न मावणारी शाळा

नमस्कार. अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि समोर बसलेल्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, पत्रिकेवर विषय छापलाय 'कमी पटाच्या शाळा आणि मलेशियाचा अनुभव'. त्यावर मी येणार आहेच. पण आधी शाळा दाखवतो. शाळा डोळ्यांसमोर नसली की पटाची, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येची, चर्चा नुसत्या आकड्यांत अडकते, हे शिक्षण खात्यातल्या नोकरीत मी पुरेपूर पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच आहे: खेड्यातली सरकारी शाळा ही गावाची जागा असते. नुसती डोकी मोजून तिचा हिशेब लागत नाही.

माझी मुलगी क्वालालंपूरला असते. तिच्या शेजारणीचं माहेर पेराक राज्यात, क्वाला कांगसारच्या पलीकडे, रबराच्या झाडांमधल्या एका कांपुंगात. कांपुंग म्हणजे खेडं. तिचा भाऊ तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षक. त्याच्या ओळखीने आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळा आतून पाहायला मिळाली.

तुम्हाला ठाऊक असेल, तिकडे सरकारी प्राथमिक शाळा तीन माध्यमांच्या: मलय, चिनी आणि तमिळ. मलय माध्यमाची ती 'सकोला कबांगसान'. मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं, सहावीपर्यंत तिथे शिकतं. सकाळी साडेसातच्या सुमारास शाळा भरते आणि दुपारी एकच्या आसपास सुटते. पांढरा शर्ट आणि गडद निळी पँट घातलेले मुलगे, पांढरा लांब कुर्ता आणि खाली निळा घोळदार घागरा घातलेल्या मुली. बूट पूर्वी पांढरे असायचे. दर शनिवार-रविवारी ते घासून, पांढरा रंग फासून उन्हात ठेवायचे हा घराघरातला उद्योग. आता सगळीकडे काळे झालेत. त्या शेजारणीने हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजातली सुटका मला कळली, कारण आपल्याकडच्या शनिवारच्या पांढऱ्या गणवेशाची नीळ आमच्या आईच्या हाताला कायम लागलेली असायची.

आवारात काय काय होतं ते ऐका. दुमजली इमारत, ध्वजासमोर फरसबंद प्रार्थनेची जागा, भिंती नसलेलं पत्र्याचं सभागृह, पूर्वप्राथमिकचा वर्ग, ग्रंथालयाची खोली, नमाजासाठी 'सुराउ', कँटीन आणि मैदान. प्रार्थनेला राष्ट्रगीत, मग राज्याचं गीत, मग 'रुकुन नगारा' म्हणजे देशाची पाच तत्त्वं. 1969 च्या मलय-चिनी दंगलींनंतर, 1970 साली ती देशाने स्वीकारली. मैदानावर लाल, निळं, पिवळं, हिरवं अशा चार गटांचे वार्षिक सामने होतात आणि गाव कामं टाकून येतं.

कँटीन हा शब्द ऐकून कॉलेजचं कँटीन डोळ्यांसमोर आणू नका. गावातली एक बाई ठेक्याने ते चालवत होती. मधल्या सुट्टीत गरीब घरच्या मुलांना सरकारी खर्चाने जेवण मिळतं. त्यांच्याकडची पूरक आहार योजना 1970 च्या दशकापासून चालू आहे आणि दुधाची योजना 1980 च्या दशकापासून. त्या दिवशी ताटात भात, अंड्याचा पोळा, काकडीच्या चकत्या आणि केळं होतं. मी मुद्दाम पाहत उभा राहिलो. पैसे देऊन घेणारा मुलगा आणि योजनेतला मुलगा एकाच बाकावर बसले होते, आणि कोण कोणता हे मला बाहेरून ओळखता आलं नाही. त्या बाईंनी भाताचा डाव दोघांना सारखाच घातला. आपल्या खिचडीच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला यातलं मोल कळेल. आपण सगळ्यांनाच देतो, हे आपलं मोठं काम आहे, तेही इथे नोंदवतो.

आता पुस्तक. यावर मी जरा रेंगाळणार आहे, रागावू नका.

चौथीतल्या एका मुलीने मला तिचं विज्ञानाचं पुस्तक दाखवलं. वर प्लॅस्टिकचं कव्हर, कोपरे घट्ट दुमडून चिकटवलेले. पहिलं पान उघडलं तर आत शिक्का आणि शिक्क्यात तक्ता: नाव, वर्ष, पुस्तक मिळाल्याची तारीख. तिच्या नावाच्या वर आणखी नावं होती. एक तिच्या थोरल्या भावाचं, एक समोरच्या घरातल्या मुलीचं. पुस्तक सरकारचं, वर्षभर वापरायचं आणि परत करायचं. ही उसनवारीची योजना 1975 साली गरजू मुलांसाठी सुरू झाली आणि 2008 पासून उत्पन्नाची अट न ठेवता सगळ्यांना लागू झाली. भावाने एका पानाच्या कडेला पेन्सिलीने मासा काढला होता. मी विचारलं, पुसला का नाहीस? ती म्हणाली, पुढच्या वर्षी घेणाऱ्याने पुसावा, मला तो आवडतो. मग तिने मलाच विचारलं, तुमच्या शाळेत तुम्ही पुस्तकं वेळेवर परत करत होता का? (हशा)

मी तिला सांगितलं की आमच्या वेळी जून उजाडला की वरच्या वर्गातल्या मुलाच्या घरी जाऊन निम्म्या किमतीत पुस्तकं ठरवायची पद्धत होती. आज आपल्याकडे आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात आणि मुलाचीच होतात. दोन्ही रीती मला मोलाच्या वाटतात. पण त्या शिक्क्यातल्या नावांत मला गाव दिसलं. कोणाच्या मागून कोण शिकलं, याची ती वंशावळच होती. माझं म्हणणं त्या एका पानावर लिहिलेलं होतं.

हे असंच आपोआप आलेलं नाही. इंग्रजी अमलात मलय गावशाळा होत्या, पण त्यांच्याकडून अपेक्षा काय होती? 1917 साली विन्स्टेड नावाच्या अधिकाऱ्याने अहवाल दिला, त्यात चार वर्षांचं शिक्षण पुरे, सोबत बागकाम आणि टोपल्या विणणं असा रोख होता. 1920 च्या सरकारी अहवालात मुख्य सचिव जॉर्ज मॅक्सवेल यांनी स्पष्ट लिहिलं की कोळ्याच्या, शेतकऱ्याच्या मुलाला बापापेक्षा जरा हुशार कोळी किंवा शेतकरी करणं एवढाच हेतू आहे. हे वाचलं की मला संताप येतो. आपल्याकडे 1882 साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी रयतेच्या कराचा पैसा रयतेच्या प्राथमिक शाळांवर खर्च करा असं बजावलं होतं. मॅक्सवेलसाहेबांचा अहवाल त्यानंतर अडतीस वर्षांनी आलेला आहे! गावातल्या मुलाने गावातच आणि तेवढंच शिकावं, ही भिंत मलयांनी पुढे मोडली. 1922 साली तंजोंग मालीमला शिक्षकांसाठी सुलतान इद्रिस प्रशिक्षण महाविद्यालय निघालं आणि गावशाळांतून आलेली मुलं तिथे शिक्षक झाली, लेखक झाली, राजकारणात गेली. 1956 च्या रझाक समितीने सगळ्या माध्यमांच्या शाळांना एकच अभ्यासक्रम हवा असं सांगितलं...

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. ठीक आहे, आता मूळ विषय.

तिकडे दीडशेपेक्षा कमी मुलांच्या शाळेला 'कमी पटाची' म्हणतात. दीडशे! आपल्याकडे एवढा पट असला तर मुख्याध्यापक पेढे वाटतील. अशा शाळा तिकडे हजारोंनी आहेत, कारण तरणी माणसं शहरात गेली. पट फारच उतरला की दोन-दोन इयत्ता एकत्र बसवतात. काही शाळा बंद होतात, काही दुसऱ्या जागी हलवतात, हेही खरं. बोर्निओ बेटावरच्या साबा-सारावाक राज्यांच्या आतल्या भागात लाकडी, मोडकळलेल्या शाळांची दुरुस्ती अजून रेंगाळलेली आहे. म्हणजे मी काही स्वर्गाचं वर्णन करत नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. 2014 च्या डिसेंबरमध्ये कलंतान राज्यात महापूर आला, तिकडचे लोक त्याला 'बाह कुनिंग' म्हणतात. देशभरात दोन लाखांहून अधिक माणसं घराबाहेर पडली. ती गेली कुठे? मोठ्या संख्येने शाळांत. ईशान्य मोसमी पावसात दरवर्षी हेच घडतं: वर्गातले बाक भिंतीला लागतात आणि चटया अंथरल्या जातात. मतदानाचं केंद्रही बहुधा शाळाच. ज्या गावातली शाळा उठते, त्या गावातून हे सगळं उठतं.

दुसरी गोष्ट बोलताना जड जातं. त्याच कलंतानमध्ये, गुआ मुसांगच्या जंगलभागात, 2015 साली ओरांग अस्ली म्हणजे तिथल्या आदिवासी समाजाची सात लहान मुलं शाळेच्या वसतिगृहातून शिक्षेच्या भीतीने रानात पळाली. 47 दिवसांनी दोन मुली जिवंत सापडल्या. बाकीची पाच मुलं गेली. लहान मूल घरापासून लांब ठेवलं की त्याच्या भीतीची खबर आईपर्यंत पोचत नाही. शाळा लांब नेण्याचा खर्च काढताना हा खर्च कुठल्या रकान्यात धरायचा?

आपल्याकडे 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळांत, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून केलेल्या मोठ्या शाळांत, मिळवण्याचे प्रस्ताव मागवले गेले. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखले दिले गेले. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा मिळते, सवंगडी मिळतात, हे मी नाकारत नाही. पण प्रस्तावाच्या नमुन्यात पट, अंतर आणि वाहनखर्च असतो. माझी मागणी आहे की त्यात आणखी एक पान जोडा: या आवारात वर्षभर काय काय होतं? लसीकरण, मतदान, ग्रामसभा, पुरात आसरा, संध्याकाळचा कबड्डीचा सराव. आणि त्या पानावर सही ग्रामसभेची घ्या, त्यातही आयांची आधी.

गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याचा त्यांनी 2003 साली केलेला आणि पुढे मागे घेतलेला प्रयोग सांगायचा राहिला. आपल्या सेमी-इंग्रजीशी त्याचा थेट संबंध आहे, पण अध्यक्ष घड्याळाकडे पाहताहेत. सभागृहात दोन विस्तार अधिकारी बसलेले मला दिसताहेत. त्यांच्याशी बोलायला मी खाली चहाला थांबतो. त्या जादा पानाचा कच्चा नमुना मी लिहून आणलाय, तो घेऊन जा.