बीपीच्या आधी वजन विचारा : किडनी फेल झालेल्या पेशंटचं असेसमेंट

नमस्कार मंडळी. आज एकच पेशंट घेऊन बसू या. पंचावन्नच्या आसपासचे काका. बीपीचा त्रास बऱ्याच वर्षांचा, आता दोन्ही किडन्या जवळपास बंद, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तुम्ही सिस्टर म्हणून मॉर्निंग ड्युटीला आलात, कफ बांधला, बीपी आलं १८०/१००. आता काय?

"डॉक्टरांना कळवते, गोळी वाढवतील." बरोबर, कळवायचंच आहे. त्यातून डोकं ठणकतंय, नजर धूसर झालीय, छातीत दुखतंय किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, तर हा व्हिडिओसुद्धा बंद करा आणि आधी फोन लावा. पण काका शांत बसलेत, तक्रार काही नाही, तर फोनवर डॉक्टर पहिलं विचारणार, "वजन किती?" तिथे आपली दांडी उडते.

म्हणून माझं विद्यार्थ्यांना एकच सांगणं असतं. या पेशंटच्या बाबतीत बीपीच्या मशीनची साक्ष एकटी घेऊ नका, शेजारी वजनकाटा उभा करा.

कारण बघा. धडधाकट माणसाच्या किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे सोडून बाकी सगळा परत आत घेतात. हे काम थांबलं की मीठ आणि पाणी अंगातच मुक्काम ठोकतं. रक्तवाहिन्या भरतात, बीपी चढतं. वर आजारी किडनी रेनिन नावाचं रसायन रक्तात सोडत राहते, त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आणि चढलेलं बीपी उरल्यासुरल्या किडनीची वाट लावतं. सुरुवात कोणी केली हे शोधायला जाल तर पुष्कळदा पत्ता लागत नाही.

(हातातला चमचा कॅमेऱ्याजवळ आणत) जाता जाता एक गंमत. लंडनच्या डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि बिघडलेली किडनी यांची सांगड घातली. तपासणी कशी, तर लघवी चमच्यात घ्यायची, मेणबत्तीवर धरायची आणि ती गढूळ होऊन गोठते का ते पाहायचं. दंडाला बांधायचा बीपीचा कफ यायला १८९६ उजाडलं. म्हणजे हा आजार ओळखणारे लोक बीपी न मोजता, नुसतं निरखून ओळखत होते. ते निरखणं आपल्यालाही जमलं पाहिजे.

तर, वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चरबी दोन दिवसांत अडीच किलो वाढत नाही, पाणी वाढतं. रोज तोच काटा, तीच वेळ, साधारण तेवढेच कपडे. सकाळी, लघवी होत असेल तर झाल्यावर, खाण्याच्या आधी. डायलिसिसच्या पेशंटचं 'ड्राय वेट' ठरलेलं असतं, म्हणजे जादा पाणी काढून टाकल्यावरचं वजन. आजचं वजन त्याच्याशी ताडून पाहा.

इथे मात्र एक खोच आहे आणि चांगल्या अनुभवी सिस्टरही तिथे फसतात. पेशंट महिनाभर नीट जेवत नाहीये, दंड-मांड्या वाळल्यात. काटा तोच आकडा दाखवतो, आपण खूश. प्रत्यक्षात मांस गेलं आणि त्याच्या जागी पाणी आलं. ड्राय वेट कधीच खाली आलंय, फाइलमध्ये जुनंच चाललंय. घड्याळाचा पट्टा मनगटावर सैल, पण चपला मात्र घट्ट होतात, अशी तक्रार आली की कान टवकारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता बीपी. पाच मिनिटं शांत बसवा, पाठीला टेका, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या पातळीत, कफ उघड्या दंडावर. अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगारेट झालेली नको. दंडाला कफ लहान पडला तर बीपी खोटं जास्त येतं. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ड्युटीच्या घाईत उडून जातं एवढंच.

हात कुठला, हे मात्र पाठ करून भागत नाही. माझं नोकरीचं पहिलं वर्ष. भराभर बीपी घेत चालले होते. एका आजोबांच्या डाव्या दंडाला कफ गुंडाळायला लागले, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "सिस्टर, हा नाही. हा मशीनचा हात." बाही सरकवली, तर कोपराच्या वर दोरखंडासारखी फुगलेली शीर. फिस्टुला. मी फाइल उघडलीच नव्हती. आजोबा ओरडले नाहीत, पण ते मनगट मला अजून आठवतं.

फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेली असते. त्या हातावर बीपी नाही, सलाईन नाही, रक्त काढणं नाही. असेसमेंट मात्र त्याच हाताचं करायचं. बोटं अलगद ठेवा, मांजर घुरघुरताना अंगाला लागते तशी थरथर लागली पाहिजे. तिला थ्रिल म्हणतो. स्टेथोस्कोप ठेवला की सूं-सूं असा आवाज, तो ब्रुई. काल थरथर होती आणि आज हात गार, गप्प? राऊंडची वाट पाहू नका, त्याच मिनिटाला कळवा. गुठळी झाली असेल तर ती काढायला वेळ थोडा असतो.

सूज बघताना नडगीच्या हाडावर अंगठा चार-पाच सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खड्डा राहिला की किती खोल आणि किती वेळ राहिला, दोन्ही लिहा. पेशंट अंथरुणाला खिळलेला असेल तर 'पायाला सूज नाही' लिहून मोकळे होऊ नका. पाणी उताराला जातं. आडव्या माणसाचा उतार त्याच्या कमरेखाली असतो, तेव्हा कुशीवर वळवा आणि माकडहाडाजवळ दाबून पाहा.

आणि हे (उशी पुढे धरत). "धाप लागते का?" विचारलंत तर बरेच जण "नाही" म्हणतात, कारण धाप लागेल असं काही करणंच त्यांनी सोडलेलं असतं. त्याऐवजी विचारा, "रात्री उशा किती घेता? मागच्या आठवड्यात किती घेत होता?" एकाच्या तीन झाल्या असतील किंवा खुर्चीत बसून झोपत असतील, तर पाणी फुप्फुसापर्यंत पोचलंय असं समजून पुढे चला. पाठीला खाली स्टेथोस्कोप लावा, बारीक चरचर ऐकू येते का पाहा. ऑक्सिजन, श्वासाची गती मोजा. श्वास खोल आणि जलद, पण फुप्फुसं स्वच्छ, असं असेल तर रक्तात आम्ल साठलंय का, हा विचार मनात हवा.

लघवी मोजाच. चोवीस तासांत ४०० मिलीच्या खाली ती फार कमी, १०० च्या खाली म्हणजे जवळपास बंदच. डायलिसिसवरच्या काहींना थोडीफार होत असते आणि ती फार मोलाची असते. इनटेकमध्ये, म्हणजे पोटात गेलेल्या द्रवात, गोळ्यांबरोबरचं पाणी, सूप, बर्फाचा खडा, सगळं येतं. तोंड कोरडं पडतं म्हणून पेशंट चोरून पितात. रागावलात तर पुढच्या वेळी सांगणारही नाहीत.

किडनी बंद पडली की रक्तात पोटॅशियमही साठतं, आणि ते तर आवाजसुद्धा करत नाही. नॉर्मल ३.५ ते ५. साडेसहाच्या पुढे जिवाशी खेळ. कधी "पाय जड झालेत, उचलत नाहीत" एवढंच पेशंट म्हणतो, कधी तेही नाही. ईसीजीवर टी लाटा उंच, टोकदार दिसतात. रक्त काढताना पेशी फुटल्या तर रिपोर्ट खोटा जास्त येतो, हे खरं. पण तेवढ्या भरवशावर थांबू नका, सॅम्पल पुन्हा पाठवताना ईसीजीही काढा. सोडियम कमी असलेलं 'हेल्दी' मीठ खातात का, हे विचाराच. त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. आणि गोळ्यांची पिशवी उलटी करून बघा. सांध्यांसाठी घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन तिथेच सापडते. या गोळ्या बीपीही चढवतात आणि उरलेली किडनीही खातात.

अंगाला खाज, तोंडाला धातूची चव, मळमळ, थांबत नाही अशी उचकी, ओळखीचा माणूस चुकणं, हे सगळं रक्तात युरिया, म्हणजे एरवी लघवीवाटे जाणारा कचरा, साठल्याच्या बाजूने बोलतं. एकेकटं किरकोळ वाटतं, म्हणून वेगवेगळ्या शिफ्टच्या नोट्समध्ये विखुरलेलं राहतं.

डायलिसिसहून परत आल्यावर बीपी झोपवून आणि उभं करून, दोन्ही घ्या. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं २० ने किंवा खालचं १० ने पडलं, तर त्यांना एकट्याने बाथरूमला जाऊ देऊ नका. त्या दिवशीची बीपीची कुठली गोळी द्यायची, कुठली थांबवायची, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

आता काकांचा हँडओव्हर, म्हणजे पुढच्याला द्यायची माहिती, ऐका. "ड्राय वेट ६१, काल सकाळी ६२.२, आज ६३.८. बीपी उजव्या हाताला, बसून १८०/१००. नडगीवर खड्डा, कमरेवर सूज नाही. काल रात्री दोन उशा, आधी एक. ऑक्सिजन ९५. लघवी २०० मिली. डाव्या हाताला थ्रिल आहे. डोकेदुखी नाही." अर्ध्या मिनिटाचं काम. एवढं हातात असेल तर फोन लावा.

पुढच्या भागात मशीनवर असतानाच बीपी खाली कोसळलं तर काय करायचं, ते बघू. तोपर्यंत तुमच्या वॉर्डचा वजनकाटा शून्यावर येतो का, तेवढं तपासून ठेवा.