ग्लॅमरला घरंदाजपणा देणारा फोटोग्राफर

[पडद्यावर : लाइट बॉक्सवर मांडलेल्या ट्रान्स्परन्सी (पारदर्शक रंगीत फिल्म). कुणीतरी भिंगातून एकेक बघत आहे.]

जाहिरातीच्या फोटोला मुदत असते. मॉडेल बदलली, वेष्टनाचा रंग बदलला, की फोटो बाद. फिल्मी मासिकाच्या मुखपृष्ठाचं आयुष्य तर पुढचा अंक स्टॉलवर येईपर्यंतच. गौतम राजाध्यक्ष यांनी उमेदीची सगळी वर्षं अशाच मुदतीच्या कामात घातली. तरीही लता मंगेशकर म्हटलं, माधुरी दीक्षित म्हटलं, की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे अजून त्यांनीच टिपलेला चेहरा येतो.

जन्म १६ सप्टेंबर १९५०, मुंबईचा. सेंट झेवियर्स कॉलेजात रसायनशास्त्र शिकले आणि १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात एजन्सीत लागले. पुढे तिथल्या फोटो सर्व्हिसेस विभागाचे प्रमुख झाले.

या एजन्सीच्या नोकरीकडे लोक त्यांच्या गोष्टीतलं एक स्टेशन म्हणून बघतात. आम्हाला मात्र त्यांच्या कामाची सगळी मुळं तिथं दिसतात. एजन्सीत फोटो कुणा एकाचा नसतो. क्लायंटला आपला माल ठळक दिसायला हवा असतो, आर्ट डायरेक्टरला मजकुरासाठी मोकळी जागा हवी असते, आणि काम कालच हवं असतं. तिथं फोटोग्राफरची हौस शेवटच्या रांगेत. समोरच्याची गरज आधी ओळखायची आणि मग कॅमेरा उचलायचा, ही सवय अशा ठिकाणी अंगात भिनते. राजाध्यक्षांनी ती वस्तूंवरून माणसांवर आणली.

[पडद्यावर : जुन्या मासिकांची पानं.]

१९८० च्या सुमारास त्यांनी शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांचे फोटो काढले. लेखिका शोभा डे त्यांच्या नात्यातल्या. डे यांच्या ‘सेलिब्रिटी’ मासिकासाठी राजाध्यक्ष फोटोही देऊ लागले आणि मजकूरही. नंतर ‘इलस्ट्रेटेड वीकली’, ‘स्टारडस्ट’, ‘फिल्मफेअर’ अशी यादी वाढत गेली. १९८७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

त्या वेळचं तंत्र जरा समजून घेऊ. रंगीत छपाईसाठी तेव्हा ट्रान्स्परन्सी लागायची, म्हणजे जिच्यावर थेट रंगीत चित्रच उमटतं अशी पारदर्शक फिल्म. निगेटिव्हवर थोडं कमीजास्त झालं तर प्रिंट काढताना सांभाळून घेता येतं. ट्रान्स्परन्सीत ती सोय नाही. प्रकाश अर्धा स्टॉप (स्टॉप म्हणजे उजेडाचं माप) जास्त झाला तरी कपाळ पांढरं फटक. मीडियम फॉरमॅटच्या, म्हणजे मोठ्या फिल्मच्या, चौकोनी फ्रेमच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर पडदा नाही. म्हणजे समोर नामवंत नटी बसली आहे, मेकअपमनने दोन तास घालवले आहेत, आणि फोटो आला की नाही हे लॅबमधून रोल परत आल्यावर कळणार! लगेच प्रिंट देणाऱ्या पोलरॉइडवर चाचणी घेता यायची खरी, पण तिच्यावरून प्रकाशाचा अंदाज येतो. चेहऱ्यावरचा तो एक क्षण पुन्हा येईलच, याची हमी नाही.

अशा वेळी फोटोग्राफर घाबरला की समोरचा आक्रसतो. राजाध्यक्षांचं बलस्थान इथं होतं: गप्पा. ऑपेरा, पाश्चात्त्य अभिजात संगीत, आपली रागदारी, जुने सिनेमे, सगळ्यात त्यांना रस. स्टारला स्टारपणाबाहेरचं काहीतरी बोलायला मिळालं की मानेतला ताठरपणा जातो, ओठ सैल होतात. त्यांच्या पोर्ट्रेटमध्ये नट्या सुंदर दिसतात यात विशेष ते काय? त्या सुंदर आहेतच. विशेष हे, की त्या बघणाऱ्याला भुलवायला बसल्यासारख्या दिसत नाहीत. आपल्या घरी, आपल्या जागी बसलेल्या बाईचा निवांतपणा त्यांच्यात असतो.

[पडद्यावर : एका पोर्ट्रेटमधला डोळा, हळूहळू जवळ.]

आता त्यांच्या प्रभावाबद्दल. ज्यांना मुंबईतल्या स्टुडिओत उमेदवारी करायला मिळाली नाही, त्यांच्यासाठी छापील फोटो हीच शाळा होती. फोटोतल्या बुबुळात एक पांढरा ठिपका असतो, कॅचलाइट, म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब. तो गोल असेल तर बहुधा दिव्याची छत्री, चौकोनी असेल तर सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी, दिव्यावरची कापडी पेटी) किंवा खिडकी. खाली आणखी एक पुसट ठिपका दिसला, तर उजेड परतवायला हनुवटीखाली थर्माकोल धरलेला. नाकाची सावली कुठं पडली, त्यावरून दिव्याची उंची. असं एकेक पान उलगडत लाइटिंग शिकता येतं.

आणि उचललंही गेलं बरंच, पण अर्धंच. मऊ प्रकाश, झाकोळलेली पार्श्वभूमी, किंचित वळलेली मान हे सगळं लग्नाच्या अल्बमपर्यंत पोचलं. फिल्टर लावून त्वचा इतकी गुळगुळीत केली, की नवरीला तिची आईसुद्धा ओळखणार नाही. गप्पा मात्र कुणी फारशा उचलल्या नाहीत. त्यांना वेळ लागतो, आणि वाचन लागतं. खरा वारसा त्या फोटोग्राफरांकडे आहे, जे दिवे लावण्याआधी खुर्ची ओढून समोरच्याशी बोलायला बसतात.

प्रभाव फोटोंपुरताही नव्हता. ‘बेखुदी’ आणि ‘अंजाम’ या हिंदी चित्रपटांच्या लेखनात त्यांचा वाटा होता. १९९२ चा ‘बेखुदी’ हा काजोलचा पहिला चित्रपट. मराठीत त्यांनी ‘चंदेरी’ या नियतकालिकाचं संपादन केलं. १९९७ मध्ये त्यांचं ‘फेसेस’ हे पुस्तक आलं, दुर्गा खोटेंपासून ऐश्वर्या रायपर्यंत. मराठीत ‘चेहरे’ आलं. कॅमेरा चालवणाऱ्याच्या हातात लेखणी असणं आपल्याकडे दुर्मीळच. बहुतेक वेळा फोटोग्राफरने फोटो द्यायचा आणि पत्रकाराने शब्द, अशी वाटणी. त्यांनी ती मानली नाही.

१३ सप्टेंबर २०११ ला मुंबईत ते गेले. एकसष्टी तीन दिवसांवर आली होती.

[पडद्यावर : पोर्ट्रेट्स, एकामागून एक. प्रत्येकाखाली श्रेयनाम.]

त्यांची पोर्ट्रेट्स आता इंटरनेटवर फिरतात, वाढदिवसाच्या शुभेच्छांत, श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये. बहुतेकांवर नाव नसतं. व्यावसायिक फोटोग्राफरला मानधन मिळालं म्हणजे हिशेब मिटला, अशी एक समजूत आहे. म्हणून या व्हिडिओत आम्ही प्रत्येक छायाचित्राखाली त्यांचं नाव लिहिलं आहे. तुम्ही पुढे पाठवाल, तेव्हा ती ओळ कापू नका.