पंप आधी ओढतो, मग फेकतो

मंडळी, कमिटीने मला बोलावलं ते पंप सारखा जळतोय म्हणून, त्यावर येतोच, पण आधी स्विमिंग पूलच्या तळाच्या जाळीबद्दल बोलू द्या. नोझलमधून धार येते ती सगळ्यांना दिसते, पण तेवढंच पाणी पंप दुसरीकडून ओढत असतो, ते कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

२००२ साली अमेरिकेत ७ वर्षांची एक मुलगी, व्हर्जिनिया ग्रेम बेकर, हॉट टबच्या ड्रेनला, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या जाळीच्या तोंडाला, चिकटली. आईने ओढलं, सुटेना, शेवटी दोन माणसांनी जोर लावला तेव्हा जाळीच तुटली, पण पोर गेली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे कायदा झाला. आता हिशोब बघा, २० सेंटीमीटरचं तोंड अंगाने पूर्ण झाकलं गेलं आणि आत अर्ध्या वातावरणाइतकी पोकळी झाली, तर दीडशे किलोच्या वर ओढ लागते. कुठली आई सोडवणार?

म्हणून तळाला एक नाही, दोन ड्रेन हवेत, एकमेकांपासून किमान ३ फूट लांब, एकाच लाइनला जोडलेले, म्हणजे एक झाकला तरी दुसऱ्यातून पाणी येत राहतं. जाळी फुगीर हवी, सगळे स्क्रू जागेवर हवेत. एक जरी जाळी तडकली तर पूल त्याच दिवशी बंद, नवीन येईपर्यंत, मे महिन्याची सुट्टी असली तरी. मोकळे लांब केससुद्धा ओढले जातात. आणि पंप बंद करायचं लाल बटण पूलच्या काठावर हवं, कुलपातल्या पंप रूममध्ये नको, कारण कोणी अडकलं तर पहिलं काम पंप बंद करणं, ओढाओढी नंतर.

आता तुमचा पंप. तोही ह्या ओढण्याच्या बाजूनेच मरतो. पाणी स्किमरच्या, म्हणजे काठालगत वरचं पाणी ओढणाऱ्या खिडकीच्या, तोंडाच्या मध्यापर्यंत नसेल, पंपाची कचरा अडवणारी बास्केट पानांनी गच्च असेल, नाहीतर तिच्या झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, कडक झाली असेल तर पाण्याऐवजी हवा येते, आणि मेकॅनिकल सील, म्हणजे पंपाचं पाणी मोटरकडे जाऊ न देणारा भाग, तर पाण्यानेच थंड राहतं, कोरडं फिरलं की जळतं, मग गळती थेट मोटरमध्ये. नोझलमधून सतत बुडबुडे आले की समजायचं कुठूनतरी हवा शिरतीये. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं. हीच हवा फिल्टरच्या टाकीत दाबली गेली तर क्लॅम्प नीट न बसलेलं झाकण गोळ्यासारखं उडतं, म्हणून चालू करताना वरचा एअर व्हॉल्व्ह उघडा ठेवा, पाण्याची धार आली की मगच बंद करा, आणि तोवर टाकीवर वाकू नका. मल्टिपोर्टचा, म्हणजे फिल्टरवरच्या पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा, दांडा पंप बंद असतानाच फिरवायचा. दाबाचा गेज स्वच्छ फिल्टरच्या वेळेपेक्षा ८ ते १० पीएसआय (दाबाचं एकक) वर गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा.

विजेचं थोडक्यात, ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवीच आणि तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. पंपाचं झाकण उघडायच्या आधी एमसीबी पाडून कुलूप लावा, टायमरवर विसंबू नका, तो पंप मधेच चालू करतो.

चला, खाली पंप रूममध्ये जाऊ, बास्केट उघडून दाखवतो. चपला घालूनच या, खाली ओलं आहे.