दुसऱ्या पारड्यात काय ठेवलं?

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय, 'वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : फायदे आणि धोके'. आत येताना जिन्यातच दोघांनी मला थांबवलं. "डॉक्टर, करावी की करू नये, एका वाक्यात सांगा." एका वाक्यात सांगण्यासारखं असतं तर मी चिठ्ठीवर लिहून पाठवलं असतं, तुम्हाला मालिकेची वेळ चुकवायला लावली नसती.

आधी एक करूया. आपल्या घरातल्या, नात्यातल्या जाड माणसाला ज्यांनी कधी ना कधी "जरा तोंडावर ताबा ठेव" असं म्हटलंय, त्यांनी हात वर करा. लाजू नका. बघा, निम्मं सभागृह आहे. माझाही हात वर आहे. आणि आता त्याच माणसाला जेवताना "अगं, एक पोळी घे की, एका पोळीनं काय होतंय" असं म्हणणाऱ्यांनी. तेच हात! हे आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे, म्हणून मी आज घरातूनच सुरुवात करणार आहे.

माझी एक मामेबहीण होती. माझ्यापेक्षा मोठी, म्हणून आम्ही तिला ताई म्हणायचो. मामांचं सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीचं दुकान होतं, हळद आणि गूळ. लहानपणी आम्ही दोघी हळदीच्या पोत्यांवर बसून अभ्यास करायचो, परीक्षेच्या पेपरालासुद्धा हळदीचा वास यायचा. ताई हुशार, गाणारी. बाळंतपणानंतर वजन वाढलं आणि ते मागे फिरलंच नाही. पस्तिशीत मधुमेह. चाळिशीत गुडघे. लग्नकार्यात ती पंगतीत बसेनाशी झाली. खुर्ची मागितली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "दोन आणा रे." सगळे हसायचे, तीही हसायची. बोलता बोलता तिचा डोळा लागायचा. आम्ही म्हणायचो, आळशी झालीय. रात्री ती घोरायची, त्याच्यावर मुलं नकला करायची. ही झोपेत श्वास अडकण्याची लक्षणं आहेत, रात्रभरात शेकडो वेळा मेंदूला प्राणवायू कमी पडतोय, हे मला डॉक्टर असून ओळखायला दोन वर्षं लागली.

2009 साली ती माझ्या दवाखान्यात आली. माझा काटा 120 किलोपर्यंतचा. ती उभी राहिली, काटा शेवटाला जाऊन टेकला. मी म्हटलं, "राहू दे ताई, अंदाजानं लिहिते." ती म्हणाली, "नाही, मला आकडा पाहिजे." आणि ती सरळ मामांच्या दुकानात गेली. दुपारची वेळ होती, सौदे संपले होते. गुळाच्या रव्यांचं वजन होतं त्या काट्यावर ती चप्पल काढून उभी राहिली. तोलाईदारानं मान खाली घातली, हमाल उठून बाहेर गेले. वजन मामांनी स्वतः केलं. बापानं लेकीचं वजन केलं, गुळाच्या काट्यावर. 131 किलो.

(इथे थोडं थांबते.)

उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, 53. पुण्यात एका सर्जनला दाखवलं. त्यांनी नीट तपासलं आणि शस्त्रक्रिया सुचवली. घरी बैठक बसली. आत्या म्हणाली, "चांगलं पोट कापून घ्यायचं? देवानं दिलेलं?" दाजी गप्प. मामांनी माझ्याकडे बघितलं. "तू डॉक्टर आहेस. तूच सांग." आणि मी म्हटलं, "टेबलावर काही झालं तर? ताई, अजून सहा महिने चालून बघ."

मंडळी, त्याच वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीचा अहवाल छापून आला होता. 4,776 रुग्ण, पहिल्यांदाच अशी शस्त्रक्रिया झालेले. पहिल्या तीस दिवसांत त्यातले हजारी तीन दगावले होते. पुढच्या वर्षांत हे प्रमाण आणखी खाली आलंय, आज ते पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या आसपास आहे, आणि पित्ताशय काढायला आपण फार विचार न करता जातो. त्याच्या दोन वर्षं आधी, 2007 मध्ये, स्वीडनमधल्या अभ्यासानं दाखवलं होतं की शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये पुढच्या वर्षांतले मृत्यू, न केलेल्या तशाच जाड माणसांपेक्षा कमी होते. मी यातलं काही वाचलेलं नव्हतं. मी भीती सांगितली आणि घरानं ती वैद्यकीय सल्ला म्हणून घेतली.

ताई चालली. खरंच चालली, आमराईपर्यंत रोज. सहा किलो गेले, आठ परत आले. 2014 च्या श्रावणात एका सकाळी ती उठली नाही. वय 49.

ऑपरेशन केलं असतं तर ताई आज असती, असं मी म्हणत नाही. एका माणसाबद्दल असं कुणालाच म्हणता येत नाही. पण माझं चुकलं कुठे ते मला नेमकं माहीत आहे, आणि आज तेवढंच सांगायला मी आले आहे. मी तराजूच्या एका पारड्यात ऑपरेशनचा धोका ठेवला आणि दुसरं पारडं रिकामं सोडलं. दुसऱ्या पारड्यात मधुमेह होता, अडकणारा श्वास होता, हृदय होतं, पंगतीतली ती खुर्ची होती. ऑपरेशन न करणं हासुद्धा एक निर्णय असतो, आणि त्यालाही मृत्यूचं प्रमाण असतं. ते कुणी संमतिपत्रावर लिहून सही घेत नाही, एवढाच फरक.

आता ती भीती आली कुठून, तेही सांगते, कारण ती अगदीच बिनबुडाची नव्हती. 1950 च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून वरचं टोक खालच्या टोकाला जोडायची शस्त्रक्रिया सुरू झाली. वजन उतरायचं, पण यकृत निकामी व्हायचं, मूत्रखडे व्हायचे, माणसं मेली. ती शस्त्रक्रिया बंद झाली, धसका मात्र राहिला. नंतर आयोवातल्या एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्यांचं वजन उतरतं आणि मग वाढत नाही. त्यातून 1966 साली गॅस्ट्रिक बायपास आली, म्हणजे जठर छोटं करून थेट आतड्याला जोडायची शस्त्रक्रिया. आपल्याकडे आजही "पोटाचं ऑपरेशन म्हणजे आतडी कापतात" असं जे बोललं जातं, त्यात ती जुनी गोष्ट मिसळलेली आहे.

आणि दुसरी गोष्ट, लाजेची. चरकसंहितेत सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, त्याचं नावच अष्टौनिंदितीय. समाज ज्यांची निंदा करतो अशी आठ माणसं, त्यात अतिस्थूल. म्हणजे ही निंदा किती जुनी आहे बघा! पण पुढे वाचा. अतिस्थूल माणसाचे आठ दोष सांगताना चरकांनी पहिला दोष सांगितलाय आयुष्य कमी होणं, आणि त्याच यादीत आहे अतिमात्र भूक. भूक जास्त लागणं हे त्यांनी रोगाच्या लक्षणांत धरलं. आपण मात्र ते चारित्र्यात धरतो. जठराच्या वरच्या फुगीर भागातून घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक येतं, हे 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. जठर कापून अरुंद नळीसारखं करतात त्या, स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत तोच भाग काढला जातो. ज्यांनी ती करून घेतली ते मला येऊन सांगतात, "डॉक्टर, आयुष्यात पहिल्यांदा पोट भरल्यासारखं वाटलं." आयुष्यभर ज्यांना आपण तोंड आवर म्हणत आलो, त्यांना पोट भरल्याचा निरोपच मेंदूपर्यंत नीट पोचत नव्हता.

बीएमआयबद्दल मला खरं तर सविस्तर बोलायचं होतं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो आहे, तो जगभरातल्या डॉक्टरांना माहीत आहे. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. ते आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय 22.3, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपण बारीक दिसत असतानाही आतून चरबीचे असतो, आणि पोटाची चरबी मधुमेह आणते. म्हणून आपल्यासाठी मर्यादा खाली धरायला हव्यात. 2022 साली जागतिक संघटनांनी आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करता येईल असं म्हटलं. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या नियमात मात्र 40 हवा, किंवा 35 आणि सोबत हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह, झोपेतला गंभीर श्वासरोध यापैकी काहीतरी. मोजायची फूटपट्टी परक्याची आणि रोग आपला. दवाखान्यात 33 बीएमआयचा, साखर 300 असलेला माणूस समोर बसतो आणि मला त्याला सांगावं लागतं की बाबा, कागदावर तू अजून पुरेसा आजारी नाहीस. याचा मला मनापासून राग येतो.

आयोजकांनी चिठ्ठी दिलीय, दहा मिनिटं. आणि फलकावरचा विषय तर राहिलाच. भराभर सांगते.

शस्त्रक्रिया मुख्यतः दोन. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराची साधारण 30 मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला पुढे जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात. वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या पंचवीस ते तीस टक्क्यांच्या आसपास घट होते. साखर तर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. पण इथे नीट ऐका. स्वीडनच्या अभ्यासात मधुमेह गेलेले दोन वर्षांनी 72 टक्के होते, दहा वर्षांनी 36. म्हणजे निम्म्यांचा परत आला. आणि 2020 सालचा त्यांचाच हिशेब असा, की शस्त्रक्रियेनं आयुष्य सरासरी तीन वर्षांनी वाढलं, तरी ते सर्वसाधारण माणसापेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच राहिलं. फायदा खरा आहे, पण रोग पुसून टाकणारा नाही.

धोके. लगेचचे : शिवणीतून गळती, रक्तस्राव, पायातली गुठळी फुफ्फुसात जाणं. उशिराचे : स्लीव्हनंतर छातीत जळजळ, बायपासनंतर आतड्याला पीळ. झपाट्यानं वजन उतरताना पित्ताचे खडे. गोड खाल्लं की घाम, धडधड, जुलाब, म्हणजे पुरणपोळीचा एक घास फार झाला. बायपास झालेल्यांनी अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत, अल्सर होतो. दारू लवकर चढते आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो. काहींचं मन खचतं, स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाणही वाढलेलं आढळलंय, म्हणून आधी आणि नंतर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. वर्ष-दीड वर्ष गरोदर राहायचं नाही. सतत उलट्या होत असतील तर घरी थांबायचं नाही, थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, संपलं की मेंदूला इजा होते.

2025 पासून आपल्याकडे मिळणारी वजन उतरवायची इंजेक्शनं, टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड, हा तुमचा प्रश्न असणारच. चाचण्यांत 15 ते 20 टक्के वजन उतरलं, हे चांगलं आहे. बंद केली की बरंचसं परत येतं. ज्यांचं भागेल त्यांनी आधी तीच करून पाहावीत. ताईसारख्या 53 बीएमआयच्या माणसासाठी शस्त्रक्रियेची जागा अजून कुणी घेतलेली नाही.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, पारड्यात घालायचं तेच. तासगाव भागातल्या एक शिक्षिका. ऑपरेशन उत्तम झालं, 38 किलो उतरले. रुग्णालयानं घरी जाताना एक छापील कागद दिला, त्यात ब्रोकोली आणि टोफू. तासगावात! भाकरी कशी खायची, मटकी किती, याचा शब्द नाही. गोळ्या तीन महिन्यांच्या दिल्या, नंतर कुणाचा फोन नाही. बाईंना वाटलं, वजन उतरलं म्हणजे औषध संपलं. दोन वर्षांनी त्या माझ्याकडे आल्या त्या भिंत धरत. पायाला मुंग्या, चप्पल पायातून निसटलेली कळत नव्हती. हिमोग्लोबिन 7.8, बी-ट्वेल्व जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. मुळात शाकाहारी, आधीपासून मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू, आणि वर हे ऑपरेशन. बी-ट्वेल्व कमी पडायची तिन्ही कारणं एकाच बाईत. यात सर्जनचा हात चुकला नव्हता. आयुष्यभराचं काम आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा सर्जनला "किती किलो जातील" हे विचाराच, पण त्याआधी विचारा की पाचव्या वर्षी माझं बी-ट्वेल्व, लोह, ड जीवनसत्त्व कोण तपासणार, आणि त्याचा खर्च कुणाचा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं रुग्णालय बघा.

त्या बाईंना आम्ही इंजेक्शनं दिली. कागद बदलला : ताकात कुस्करलेली भाकरी, मुगाचं घट्ट कढण, पनीर, मोडाची मटकी शिजवून, दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं. जेवताना पाणी नाही. लोहाची गोळी चहाबरोबर नाही, कॅल्शियमपासून दोन तास लांब. त्यांच्या मुलीनं शंभर पानी वही घातलीय, दर तीन महिन्यांनी घेऊन येते. पायाच्या मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत, डाव्या अंगठ्यात अजून आहेत. पण परवा त्या जिना चढून वर आल्या, कठड्याला हात न लावता.

घंटा झाली. प्रश्न विचारा.