खणातला ९६ सालचा ब्लॉक

(दृश्य : मायक्रोटोमचं चाक, पात्यावरून उतरणारी मेणाची पट्टी)

रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवला की झाला ब्लॉक. तो कापायचं यंत्र म्हणजे मायक्रोटोम. चाक एकदा फिरलं की एक काप. जाडी ३ ते ४ मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, तेव्हा एका केसाच्या जाडीत असे वीसेक काप सहज बसतील. काप एकमेकांना चिकटून खाली येतात, त्याला इथे रिबन म्हणतात. रिबनच्या मधोमध जो पांढुरका ठिपका दिसतोय ते अपेंडिक्स आहे. कुणाचं, ते आता कुणाला आठवत नाही.

इंदूरचा मे महिना मेणाला सोसत नाही. ब्लॉक मऊ पडतो, काप सुरकुततो. म्हणून इथले तंत्रज्ञ भाऊ आधी ब्लॉक बर्फावर पालथे घालून ठेवतात. पूर्वी फ्रिजमधला बर्फ पुरायचा नाही, तेव्हा जेल रोडवरून लादी आणायचे, गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून. रामबागेतल्या या तीन खोल्यांच्या लॅबमध्ये ते १९८९ पासून आहेत.

(दृश्य : वॉटर बाथ, जवळून)

पाणी ४५ अंशांच्या आसपास. रिबन वर सोडली की सुरकुत्या आपल्या आपण उलगडतात. या वेळी भाऊंशी बोलायचं नाही. नुसती फुंकर लागली तरी काप गोळा होतो. काच तिरकी बुडवायची आणि खालून अलगद वर घ्यायची. बस्स. आमच्या कॅमेरामनने हे अकरा वेळा टिपलं, अकराही वेळा हात तसाच.

(दृश्य : रंगांच्या बरण्या, एकामागून एक)

मग रंग. हिमॅटॉक्सिलिन निघतं मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून. त्याने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात. इओसिन गुलाबी, त्याचं नाव ग्रीक उषेवरून पडलंय. शंभराहून अधिक वर्षं जगभरच्या गाठींचं निदान या जोडीवर चाललंय आणि बहुतेक वेळा एवढ्यावर भागतंही.

भागत नाही तेव्हाची ही गोष्ट.

(दृश्य : मायक्रोस्कोपला डोळा लावलेल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम, मग स्लाइड पडदाभर)

लांबट, चातीसारख्या पेशी, झुंडीने एकाच दिशेला वळलेल्या. स्नायूची गाठ अशी दिसते. मज्जातंतूच्या वेष्टनाची गाठही अशीच दिसते. १९९६ साली एका बाईंच्या जठरातून निघालेल्या गाठीवर मॅडमनी रिपोर्ट लिहिला : लायोमायोमा, म्हणजे स्नायूची साधी गाठ.

"मीच लिहिलं होतं," मॅडम सांगतात. "अन् तेव्हाच्या पुस्तकांप्रमाणे ते बरोबरच होतं."

पुस्तकं बदलली ती दोन वर्षांनी. १९९८ मध्ये जपानच्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की जठर-आतड्याच्या अशा बऱ्याच गाठी स्नायूच्या नसतातच. त्यांचं नातं आतड्याला ठेका देणाऱ्या काहाल पेशींशी असतं आणि त्यांच्यातला किट नावाचा जनुक बिघडलेला असतो. या गाठींना म्हणतात जिस्ट, म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टिनल स्ट्रोमल ट्यूमर. वर्षाला दहा लाखांत दहा-पंधरा जणांना होणारी गाठ. युरोपात वर्षाला लाखामागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण असले तर त्या कर्करोगाला दुर्मीळ म्हणतात. पण असे सगळे दुर्मीळ एकत्र मोजले, तर तिथल्या पाच कर्करोगांतला एक त्यांच्यातलाच निघतो.

(दृश्य : लाकडी कपाट, ओढलेला खण, ओळीने लावलेले ब्लॉक)

२०१३ मध्ये त्या बाई परत आल्या. यकृतात गाठी. सुईने काढलेला तुकडा चुरडलेला, त्यावरून काही सांगता येईना. भाऊंनी ९६ सालचा खण ओढला. ब्लॉक जागेवर होता. मेण जरा पिवळं पडलेलं, कडेला एक मुंगी चिकटलेली, पण आतला तुकडा शाबूत.

(दृश्य : स्लाइड, तपकिरी रंग)

ही त्याच ब्लॉकची २०१३ ची स्लाइड. सीडी ११७ हा मार्कर, म्हणजे एकच ठरावीक प्रथिन हुडकणारा रंग, लावलेला. किटचं प्रथिन जिथे, तिथे तपकिरी. कोपऱ्यात जो वेगळा छोटा तुकडा आहे तो अपेंडिक्स. त्याच्या भिंतीत काहाल पेशी असतातच, त्या तपकिरी झाल्या म्हणजे रंग नीट लागला, एवढी खात्री पटते. आणि शेजारची गाठ बघा. अख्खी तपकिरी.

जिस्टवर इमॅटिनिबची गोळी २००२ पासून मिळते. बाईंना ती सुरू झाली, गाठी आक्रसल्या.

(दृश्य : पुन्हा कपाट)

शूटिंगच्या दिवशी आम्ही भाऊंना म्हटलं, तोच ब्लॉक कॅमेऱ्यापुढे एकदा कापून दाखवा. त्यांनी खण ढकलून बंद केला. "यात उरलंय किती? उद्या कुणाला नवी तपासणी करायची झाली तर?" म्हणून सुरुवातीला तुम्ही पाहिलंत ते अपेंडिक्स.

दुसरीकडे एका लॅबने जागा बदलताना जुने ब्लॉक भंगारात दिले. तिथला एक रुग्ण इथे आला तो नुसता रिपोर्टचा कागद घेऊन. कागदाला मार्कर लावता येत नाही. आपल्याकडे नातेवाईक फाइल जपतात, एक्स-रे जपतात, बिलंसुद्धा जपतात. ब्लॉक मात्र मागायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सेकंड ओपिनियनला मुंबईला टाटाला निघालात तरी तिथे पहिल्यांदा तोच मागतात.

(दृश्य : सकाळची नवी बाटली, फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला तुकडा)

आजचा तुकडा. फॉर्मॅलिन त्याच्या दहापट, बाटलीही पसरट तोंडाची. कुणीतरी जाणत्याने पाठवलाय. भाऊ कॅसेट, म्हणजे तुकडा ठेवायची प्लास्टिकची छोटी डबी, घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि नंबर घालतात. पेन्सिलीने. शाई पुढे झायलीन नावाच्या द्रावकात धुऊन जाते.